आई-बाबांसाठी फोन आणि प्लॅन : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गावी, देवरुखजवळ, आई-बाबांसाठी फाइव्ह-जी फोन घ्यायचाय, बजेट पंधरा हजारांच्या आत. घर जांभ्याचं, भिंती जाड. अंगणात रेंज असते, माजघरात कॉल कट होतो. त्यामुळे कॅमेऱ्यापेक्षा मला बँडची, म्हणजे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सी पकडतो याची, काळजी जास्त. जिओचं फाइव्ह-जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, म्हणजे फोनला एन-२८ बँड हवाच. भिंतीतून आत शिरायला तोच बरा. एअरटेलसाठी एन-७८ लागतो. या किमतीत दोन्ही बँड आणि वाय-फाय कॉलिंग असलेला कोणता फोन तुम्ही स्वतः वापरताय?

दुसरं, प्लॅन. बाबा फक्त बोलतात. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) आदेशानंतर २०२५ पासून नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक आलेत, त्यांना तेवढं पुरे. आई मात्र रोज रात्री नातीशी व्हिडिओ कॉलवर असते. तिला दिवसाला दीड जीबी पुरेल की दोन घ्यावा? २८ दिवसांचा नको, वर्षाला तेरा रिचार्ज होतात. ८४ दिवसांचा कुणी वापरतं का?

आणि देवरुख-साखरपा भागात बीएसएनएलचं नवं फोर-जी कसं चालतंय? एकदा पोर्ट केलं की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही, म्हणून आधीच विचारतोय. तिथल्या कुणी जरूर सांगा.