संधिवात असलेल्या आईसाठी आतल्या दारांना कोणती मूठ बसवावी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. गावभागातील आमच्या जुन्या घराची डागडुजी चालू आहे. समोरचे दोन फळ्यांचे सागवानी दार आम्ही तसेच ठेवणार आहोत, कारण त्याची पितळी कडी दार ओढून घ्यायला, बाहेरून वाजवायला आणि कोयंड्यात अडकवून कुलूप घालायला अशी तिन्ही कामांना उपयोगी पडते. आतल्या खोल्यांची दारे मात्र नवी करायची आहेत. सुतारांनी त्यांना मध्ये कळ असलेली गोल मूठ सुचवली आहे. परंतु आईच्या बोटांना संधिवात असून तिला बरणीचे झाकणसुद्धा फिरवता येत नाही. मूठ कोणत्या आकाराची, किती उंचीवर आणि कोणत्या धातूची असावी?

फिजिओथेरपिस्ट (मिरज)

गोल मूठ कृपया बसवू नका. ती उघडताना बोटांनी घट्ट पकडणे आणि ती पकड न सोडता हात पिळणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी कराव्या लागतात, आणि सुजलेल्या सांध्यांना नेमक्या त्याच जमत नाहीत. आडव्या दांडीचे लिव्हर हँडल तळहाताने, मनगटाने किंवा हातात ताट असेल तर कोपरानेही खाली दाबता येते. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांसाठी १९९० साली कायदा झाला, त्याखालील मानकांनुसार सार्वजनिक इमारतींतील दाराची मूठ एका हाताने, घट्ट न पकडता आणि मनगट न पिळता चालली पाहिजे. तिची उंची जमिनीपासून ३४ ते ४८ इंचांच्या दरम्यान असावी, असेही तेथे सांगितले आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने तर मार्च २०१४ पासून नव्या बांधकामांत गोल मुठीऐवजी लिव्हर बंधनकारक केले. आईंना त्यांच्या नेहमीच्या चपला घालून उभे करा, कोपर सहज वाकवायला सांगा आणि हात जेथे येईल तेथे खूण करा. ती उंची बहुधा या मर्यादेतच बसेल.

रंधा (वाई)

वरील सल्ल्याशी सुतार म्हणून मी पूर्ण सहमत आहे. मात्र लिव्हर घेताना ज्याचे टोक दाराकडे वळलेले आहे असेच घ्यावे, कारण सरळ टोकात साडीचा पदर किंवा पिशवीचा बंद अडकतो आणि वयस्कर माणूस तेवढ्याने तोल जाऊन पडू शकतो. दुकानात दांडी दाबून सोडून पाहा. ती लगेच आडवी न होता लोंबकळत राहिली, तर आतली स्प्रिंग हलकी आहे असे समजा. मूठ बिजागरीपासून शक्य तितकी लांब असावी: तीच मूठ निम्म्या अंतरावर बसवली तर दार ओढायला दुप्पट जोर लागतो. पातळ दारात मॉर्टिस कुलुपासाठी (दाराच्या जाडीत आत बसणारे कुलूप) खोल खाच कोरू देऊ नका, त्या जागी फळी कमकुवत होते.

न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे असावे आणि त्याची आतली खिट्टी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी असावी. आत कोणी पडले तर दार फोडण्यात वेळ जात नाही. घरात लहान मूल असेल, तर लिव्हर त्यालाही सहज उघडता येते. म्हणून गच्चीच्या दाराला वर वेगळी कडी लावावी.

पाटखळकर (सातारा)

एक छोटी सूचना. स्वयंपाकघराला दोन्हीकडे उघडणारे दार करणार असाल, तर ढकलण्याच्या बाजूला नुसती सपाट पट्टी लावावी. उभी दांडी दिसली की हात आपोआप ओढायला जातो; बँकांच्या काचेच्या दारांवर ‘ढकला’ अशी पाटी असूनही माणसे दांडी ओढतच राहतात, ती याचमुळे. स्मृती मंदावलेल्या व्यक्तीला तर पाटीपेक्षा आकाराचाच आधार अधिक असतो.

हार्डवेअरवाला (सांगली)

धातूविषयी लिहितो. क्रोमचा मुलामा दिलेली लोखंडी मूठ स्वस्त पडते, पण मुलामा उडाला की गंज धरते, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सखल भागांतील घरांत असे गंजलेले सामान मी खूप पाहिले आहे. आपल्या भागासाठी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा भरीव पितळ घ्यावे. पितळ काळे पडते, पण लोखंडासारखे गंजत नाही, आणि चिंचेने घासले की पुन्हा उजळते. कोविडच्या काळात तांब्यावर विषाणू ४ तासांत निष्क्रिय होतो आणि स्टीलवर तो २ ते ३ दिवस टिकू शकतो, असे प्रयोगात दिसले होते. तरी तेवढ्यासाठी पितळावर जास्त पैसे घालावेत असे मला वाटत नाही, कारण तो आजार मुख्यतः श्वासावाटे पसरतो.

मुठी ढिल्या होण्याचे खरे कारण पुष्कळदा वेगळेच असते. पावसाळ्यात लाकूड फुगते, दार चौकटीत घट्ट बसते आणि घरातील प्रत्येकजण मुठीला हिसका देतो. म्हणून दाराच्या चारही कडा, विशेषतः तळची कड, बसवण्यापूर्वीच रंगवून किंवा पॉलिश करून बंद करून घ्या. तळच्या कडेकडे बहुतेक कारागीर लक्ष देत नाहीत, तेव्हा दार आडवे असतानाच समोर उभे राहून ते काम करून घ्यावे.