स्पायडर कासव आणि आपला पावसाळा

‘गोव्यात उकाडा आहेच, पाळलेलं स्पायडर कासव पावसाळ्यात अंगणात सोडा,’ असा सल्ला कुणी देतं, तो मला धोक्याचा वाटतो. हे कासव मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या काटेरी रानातलं, वाळूतलं. तिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. आपल्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो. त्यातून गंमत अशी की तिकडचा कोरडा, थंड काळ साधारण मे ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका आपला पावसाळा. त्या काळात ते वाळूत स्वतःला पुरून घेऊन पडून राहतं. अशा जनावराला जांभ्याच्या चिखलात ठेवलं तर कवच सडायला नि छाती भरायला वेळ लागत नाही. छपराखाली निचऱ्याची खोल वाळू द्या, एखादाच कोपरा किंचित ओलसर. उन्हातले अतिनील किरण देणारा यूव्हीबी दिवा हवाच, आषाढात ऊन दिसतंय कुठे?

खायला गवत, जास्वंदीची पानं-फुलं, फड्या निवडुंग. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं हाड) किसून. केळं-पपई नकोच, गोड खाऊन पोट बिघडतं.

आणि हो, कागदपत्रं. ही जात साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, अतिसंकटग्रस्त आहे, मादी एका वेळी एकच अंडं घालते. कायदेशीर मूळ आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंद विक्रेता दाखवत नसेल, तर मी तरी घेणार नाही.