एंटेकॅविर ०.५ : रिकामं पोट म्हणजे किती रिकामं, आणि गोळी कधी बंद करायची?

रातराणी
जुन्या हिपॅटायटिस बी साठी एंटेकॅविर ०.५ मिग्रॅ, रोज एक गोळी. रुग्ण पुरुष, वय ६०, वजन ५४ किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी बघतात ते) १.५. चिठ्ठीवर ‘रिकाम्या पोटी’ एवढंच लिहिलंय. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? शिवाय ताज्या रिपोर्टमध्ये विषाणूचा डीएनए ‘आढळला नाही’. मग आता गोळी बंद करायला हरकत नसावी?

खलबत्ता
जेवणानंतर किमान २ तास आणि पुढच्या खाण्याआधी किमान २ तास. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतली तर रक्तात पोचणारं एकूण औषध साधारण पाचव्या हिश्शाने घटतं. सोपा मार्ग म्हणजे झोपताना घेणं. रात्रीचं जेवण दोन तास आधी उरकलं की झालं. पाणी चालतं, दूध नको.

राहिली तर आठवल्यावर घ्या, पोट रिकामं असताना. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

चाळणी
वेळेपेक्षा मला ते १.५ क्रिएटिनिन खटकलं. आकडा किरकोळ वाटतो, पण मूत्रपिंड मिनिटाला किती मिली रक्त गाळतं याचा अंदाजी हिशेब करून बघा: (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन). म्हणजे ८० × ५४ = ४३२०, भागिले १०८, उत्तर ४०. बाईमाणूस असतं तर याला ०.८५ ने गुणायचं, म्हणजे ३४.

एंटेकॅविर मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून हा आकडा ५० च्या खाली गेला की डोस बदलतो. ३० ते ४९ मध्ये ०.५ ची गोळी दर ४८ तासांनी, १० ते २९ मध्ये दर ७२ तासांनी. गोळी तोडत बसू नका, अंतर वाढवतात. पण हा बदल डॉक्टरांनीच करायचा. हिशेब घेऊन त्यांच्याकडे जा, तोवर आपल्या मनाने दिवस गाळू नका.

एकाआड एक दिवस ठरलाच तर ‘विषम तारखेला गोळी’ असं ठरवू नका. ३१ आणि १ दोन्ही विषम, लागोपाठ दोन दिवस गोळी जाते. कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा.

उंबरठा
बंद करण्याबद्दल: नाही, आत्ता नाही. हे औषध विषाणूच्या नकला निघणं थांबवतं. यकृताच्या पेशींच्या केंद्रकात बसलेला मूळ साचा तसाच राहतो. डीएनए सापडला नाही याचा अर्थ गोळी काम करतेय एवढाच. अचानक सोडली की विषाणू उसळतो, प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते आणि त्यात यकृतच होरपळतं. सिरोसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) असेल तर हे जिवावर बेतू शकतं. रक्तात विषाणूच्या पृष्ठभागावरचा प्रतिजन (एचबीएसएजी) निगेटिव्ह होणं हा खरा टप्पा, तो फार थोड्यांच्या वाट्याला येतो. काही निवडक रुग्णांत त्याआधीही थांबवतात, पण नंतर किमान सहा महिने यकृताच्या तपासण्या वरचेवर कराव्या लागतात.

पूर्वी कधी लॅमिव्हुडिन (याच आजाराचं जुनं औषध) घेतलं होतं का, एचआयव्हीची तपासणी झालीय का, हे डॉक्टरांना माहीत हवं. लॅमिव्हुडिनला दाद न देणाऱ्या विषाणूत एंटेकॅविरलाही प्रतिरोध लवकर येतो. एचआयव्ही असेल आणि त्यावर उपचार चालू नसतील, तर एकटं एंटेकॅविर देत नाहीत. एचआयव्हीच्या औषधांनाच प्रतिरोध तयार होऊ शकतो.

रातराणी
लॅमिव्हुडिनचं विचारून घेते. टेनोफोविरवर (हिपॅटायटिस बी चं दुसरं औषध) बदललं तर वेळ हीच का?

खलबत्ता
नाही, आणि इथेच गोंधळ होतो. टेनोफोविर अलाफेनामाइड २५ मिग्रॅ जेवणाबरोबर घ्यायचं, एंटेकॅविरच्या अगदी उलट. दुसरं टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल ३०० मिग्रॅ. ते मूत्रपिंडाला आणि हाडांना जास्त त्रासदायक, त्यामुळे तुमच्या आकड्यांना सहसा टाळतात. नावं सारखी दिसतात, पाकिटावरचा दुसरा शब्द आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचा. टीबीचं रिफाम्पिसिन, फिट्सचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर अलाफेनामाइडचा असर कमी होतो, तेही आधी सांगा.

चाळणी
डीएनए आढळत नसला तरी दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. गोळीने यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही.