सोनिक्स ऐकायचे तर १९६५ पासूनच

'द सोनिक्स' या साठच्या दशकातल्या अमेरिकन रॉक बँडची सुरुवात २०१५च्या 'धिस इज द सोनिक्स' या अल्बमपासून करावी, कारण साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंगचा आवाज फाटका आहे, असं कुणी म्हणतं, ते मला पटलं नाही. २०१५चा अल्बम जबरदस्तच आहे. जुन्या संचातले तिघे सत्तरीला टेकल्यावरही असे पेटून वाजवतात याचं मला फार अप्रूप. पण तोही मुद्दाम मोनोतच, म्हणजे सगळे आवाज एकाच चॅनेलवर मिसळून, केलाय. म्हणजे स्वच्छ, सुटासुटा आवाज त्यांना तेव्हाही नकोच होता. 'हिअर आर द सोनिक्स' (१९६५) दोन ट्रॅकच्या टेपवर झाला, अख्ख्या ड्रमसेटला एकच माइक. तो फाटका आवाज हेच अमेरिकेतल्या टकोमा शहराच्या या पोरांचं खरं देणं आहे. तिथूनच सुरू करा, मग १९६६चा 'बूम'. हॉलिवूडला जाऊन केलेला तिसरा अल्बम गुळगुळीत झालाय, तो सगळ्यात शेवटी.

आणि हेडफोनवर नका ऐकू. परभणीत माझा एक मित्र हलगी वाजवतो, त्याला मोठ्या स्पीकरवर १९६५च्या अल्बममधलं 'द विच' हे गाणं लावून दिलं. इंग्रजी शब्दांकडे त्याचं लक्षच नव्हतं. ड्रम ऐकून म्हणाला, "हे मिरवणुकीतलं वाजवणं हाय, खोलीतलं न्हाई." मग त्याच अल्बममधलं 'सायको' त्यानं दोनदा लावायला लावलं. गाणी जेमतेम दोन-अडीच मिनिटांची आहेत, तेव्हा रेकॉर्डची एक बाजू तरी सलग ऐका, मध्ये थांबू नका.