विषय: शिशाचे पाइप आणि निधी
२०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यातले १५ अब्ज डॉलर आले, आता अमेरिकेतले पिण्याच्या पाण्याचे शिशाचे पाइप निघतीलच, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. त्यातली ४९ टक्के रक्कम वंचित वस्त्यांना परतफेडीशिवाय द्यायची, ही तरतूद फार मोलाची आहे. पण रस्त्यातल्या वाहिनीपासून घरापर्यंतच्या पाइपचा एक भाग बहुतेक ठिकाणी घरमालकाचा असतो. गरीब वस्तीत राहतो भाडेकरू; मालक भलत्याच गावी, संमती मागणाऱ्या पत्राला उत्तरही देत नाही. आणि नुसता रस्त्याकडचा भाग बदलला, तर कापाकापीमुळे पाण्यातलं शिसं काही काळ उलट वाढतं.

न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क शहराने ही गाठ सोडवली. काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) १२ कोटी डॉलरचे रोखे काढले, घरमालकाकडून छदामही घेतला नाही आणि शहराने नियम करून मालकाच्या संमतीशिवाय पाइप बदलायची मुभा घेतली. २०१९ पासून तीनेक वर्षांत सुमारे २३,००० पाइप निघाले. निधी देताना असा नियम करण्याची अट घालायलाच हवी.

न्यू जर्सीत जुन्या घरात भाड्याने राहत असाल, तर तळघरात मीटरकडे येणारा पाइप नाण्याने हलकेच खरवडून बघा. मऊ लागला, चांदीसारखा चकाकला आणि चुंबक चिकटलं नाही, तर बहुधा शिसंच. लगेच पाणीखात्याला कळवा.