मदत हवी आहे: बागेतल्या तळ्याचं पाणी हिरवंगार झालंय, रविवारच्या आत साफ व्हायला हवं

होळकरी_बाणा
घरामागे छोटं सिमेंटचं तळं बांधून घेतलंय. पाणी हिरवंगार, तळ दिसत नाही. सगळं पाणी उपसून नवीन भरलं, आठवड्यात पुन्हा तेच. फिल्टर आहे. तुरटी फिरवून झाली. रविवारी पुतणीचं केळवण आहे आणि पंगत बागेतच बसायची आहे. खात्रीचा उपाय सांगा, 'गूगल करा' म्हणू नका. इंदूर.

देवासचा_शेतकरी
मोरचूद. कापडात पुरचुंडी बांधायची, पाण्यात फिरवायची, शेवाळ खलास. आमच्या विहिरीत वडील हेच करत.

चिखलमाती
जरा थांबा. मासे आहेत का? ऊन किती पडतं? खोली किती? पाणीच हिरवं आहे की केसासारखे धागे आहेत? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

होळकरी_बाणा
मासे आहेतच की, तळं म्हटल्यावर असणारच! गोल्डफिश आणि कोई. ऊन दिवसभर. 8 बाय 5 फूट, खोली 2 फूट. आता उपाय सांगा.

चिखलमाती
मग मोरचुदाला हात लावू नका. त्यातलं तांबं माशांच्या कल्ल्यांना बाधतं, गोगलगायी तर त्याआधीच मरतात. शिवाय शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, तेव्हा मासे वर येऊन तोंड वासतात. पाणी स्वच्छ आणि मासे उलटे, असं केळवण करायचंय का?

देवासचा_शेतकरी
पुस्तकी भीती आहे ही. बोअरचं पाणी जड असतं, त्यात मोरचूद माशांना इतकं बाधत नाही.

चिखलमाती
जड पाण्यात विष कमी बाधतं हे कबूल. पण मग शेवाळालाही कमीच बाधणार, म्हणून तुम्ही पुरचुंडी आणखी फिरवणार. 80 घनफूट म्हणजे जेमतेम सव्वादोन हजार लिटर पाणी आहे काका, तुमची विहीर नव्हे.

नंबर_वन_शहर
उघड्या पाण्यात डास होतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. गप्पी मासे सोडा.

होळकरी_बाणा
भिया, डासांचं कोणी विचारलंय? अळ्या मासे खातात. प्रश्न हिरव्या पाण्याचा आहे.

बडोद्याची_सून
जलपर्णी सोडून बघा. पाण्यातलं खत शोषून घेते, मग शेवाळाला खायलाच उरत नाही. आमच्याकडे छान चाललंय.

सिरपूरचा_बगळा
कृपा करून जलपर्णी नको. पसरली की लोक उपटून जवळच्या तलावात टाकतात. आपले सिरपूर आणि यशवंत सागर तलाव, दोन्ही 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, ते काय हे झेलायला? सावलीच हवी तर कुमुदिनी लावा. निम्मं पाणी पानांनी झाकलं तरी पुष्कळ फरक पडतो.

नंबर_वन_शहर
सिरपूरला सध्या पक्षी दिसतात का? मुलांना न्यायचंय.

सिरपूरचा_बगळा
मे महिन्यात काय दिसणार? बाहेरचे पक्षी थंडीत येतात. डिसेंबरात पहाटे जा.

बागकाम_आत्या
होळकरी भाऊ, काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घेऊन उजेडात धरा आणि काय दिसतं ते लिहा. आणि हिरवळीला खत कोणतं घालता?

होळकरी_बाणा
ग्लासात पोपटी सरबत भरल्यासारखं दिसतंय. धागे नाहीत. खत माळी टाकतो, डीएपी. त्याचा तळ्याशी काय संबंध?

बागकाम_आत्या
संबंध आहे. डीएपीच्या पोत्यावर 18-46 छापलेलं असतं. त्यातला 46 फॉस्फेटचा आकडा. पाइपाने हिरवळ भिजवली की जास्तीचं पाणी उतारावरून कुठे जातं, ते बघा. तळ्यात जात असेल तर तुम्ही शेवाळाची शेतीच करताय. पाणी बदलून काय होणार? काठाला विटेचा एक थर लावून घ्या.
आता रविवारचं. तुमचं शेवाळ पाण्यात तरंगणारं आहे, त्याचे कण इतके बारीक की साध्या फिल्टरमधून निघून जातात. पंपाच्या पाइपात यूव्ही क्लॅरिफायर, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा बसवा. त्यातून जाताना कण मरतात, एकमेकांना चिकटतात आणि मग फिल्टरमध्ये अडकतात. फिल्टरचा स्पंज रोज तळ्याच्याच पाण्यात पिळा. पाणी दिव्यातून सावकाश जायला हवं, पंप जोरात सोडू नका. धाग्यांच्या शेवाळावर हा दिवा काही करत नाही, ते काठीला गुंडाळूनच काढावं लागतं. तोवर वर हिरवी जाळी ताणा आणि माशांचं खाणं कमी करा. पाणी बदलायचंच तर एका वेळी चौथा भाग. नळाचं थेट सोडू नका, त्यात क्लोरीन असतो. क्लोरीन काढायचं औषध मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, ते घाला.

देवासचा_शेतकरी
यूव्हीच्या पैशात जन्मभराचं मोरचूद येईल.

होळकरी_बाणा
आणि कोईचे पैसे तुम्ही देणार का काका? क्लॅरिफायर मागवलाय, गुरुवारी येतोय. हिरवळीचं पाणी खरंच तळ्याकडे उतरतंय, उद्या विटा लावतोय. आत्या, रविवारपर्यंत तळ दिसेल ना?

बागकाम_आत्या
गुरुवारी लावून रविवारी मासे दिसायला लागतील, तळाचं वचन देत नाही. एकेकदा आठवडा जातो. जाळी पंगतीच्या अर्धा तास आधी काढा.

बडोद्याची_सून
आमच्या गच्चीवरच्या टाकीतही हिरवं दिसतंय. हाच दिवा चालेल का?

चिखलमाती
टाकीला आधी झाकण लावा, उजेड बंद झाला की शेवाळ बंद. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.