लाइट गेली, रात्रभर दारं उघडी राहिली आणि पॅनेल मेलं

देखभालवाला
इमारतीतली इलेक्ट्रिकची कामं मी बघतो. फायर अलार्म हा माझा मूळ धंदा नाही, हे आधीच कबूल करतो. चार मजले, प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एक दुपाखी (दोन फळ्यांचं) फायर डोअर, म्हणजे आग अडवणारं दार. म्हणजे आठ पाखं आणि ती एरवी उघडी धरून ठेवणारे भिंतीवर आठ मॅग्नेटिक होल्डर (चुंबक). २४ व्होल्ट डीसी, मोजले तर प्रत्येकी ६५ मिलिअँपिअर खातात. आधीच्या माणसाने सगळे फायर अलार्म पॅनेलच्या ऑक्स आउटपुटवर (जादा उपकरणांना वीज देणारं टर्मिनल) टाकलेत, मध्ये अलार्म रिलेचा, म्हणजे अलार्मला चालणाऱ्या विजेच्या स्विचचा, एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, रिले चालला की तुटणारा). अलार्म दिला की दारं सुटतात, म्हणून मी कधी हात लावला नाही.

परवा रात्री आठला लाइट गेली, ती सकाळी नऊला आली. सातला येऊन बघतो तर पॅनेल ठार बंद आणि सगळी दारं मिटलेली. वॉचमन म्हणाला, पहाटेपर्यंत उघडीच होती. बॅटऱ्या १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तास) दोन, सहाच महिन्यांपूर्वी बदललेल्या. मोठ्या बॅटऱ्या बसवू का? आणि दुसऱ्या मजल्यावरचं एक पाख अलार्ममध्येही चिकटून राहतं, हाताने ओढावं लागतं. तिथली वायर तपासली, ठीक आहे.

पॅनेलकाका
मोठी बॅटरी अजिबात नको. गणित बघा. आठ गुणिले ६५ म्हणजे ५२० मिलिअँपिअर. पॅनेल स्वतः शांत असताना किती घेतं?

देखभालवाला
क्लॅम्पवर १२० च्या आसपास दिसतं. ऑक्स टर्मिनलशेजारी ०.५ अँपिअर छापलंय, ते आत्ता तुमच्या हिशोबानंतर वाचलं.

पॅनेलकाका
म्हणजे आउटपुटही क्षमतेबाहेर चाललंय. एकूण ६४० मिलिअँपिअर. ७ एएच भागिले ०.६४ म्हणजे कागदावर जेमतेम ११ तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. होल्डर काढले तर तेच पॅनेल कागदावर ५८ तास जगतं. ज्या बॅटरीने आग लागल्यावर भोंगे वाजवायचे, ती तुमच्याकडे रात्रभर रिकाम्या पॅसेजमधली दारं धरून बसली होती!

होल्डरला बॅकअप लागतच नाही. वीज गेली की चुंबक सुटतो, क्लोजर (दार आपोआप लावणारा स्प्रिंगचा हात) पाख ओढून घेतो, दार बंद. सुरक्षित बाजू तीच. एनएफपीए ७२ हे फायर अलार्मचं अमेरिकी मानक सुद्धा अशा होल्डरसाठी दुय्यम सप्लायची सक्ती करत नाही. तेव्हा बिनबॅटरीचा वेगळा २४ व्होल्ट सप्लाय घ्या, एक अँपिअरचा पुरे. तो अलार्म रिलेच्या सी (सामाईक टोक) आणि एनसीमधून होल्डरकडे न्या. लाइट गेली की दारं लागतील, लोक दोन दिवस कुरकुरतील. कुरकुरू दे.

सर्किटवेडा
काकांशी एका मुद्द्यावर भांडतो. सप्लाय वेगळा केला की नवा खड्डा पडतो. उद्या पॅनेलच मेलं आणि मेन्स (बाहेरची वीज) चालू असली, तर अलार्म रिले विश्रांतीतच राहणार, एनसी जोडलेला राहणार, दारं उघडी! आज निदान पॅनेल मेल्यावर ती मिटली तरी. म्हणून फॉल्ट रिलेचाही (पॅनेलमधला बिघाड कळवणारा) कॉन्टॅक्ट सीरिजमध्ये घाला. तो रिले पॅनेल धडधाकट असताना ऊर्जित असतो, त्यामुळे पॅनेल मेलं की तो पडतो. मात्र छापील 'एनओ' (एरवी तुटलेला), 'एनसी'वर विसंबू नका, चालू पॅनेलवर मीटर लावून बघा.

पॅनेलकाका
बरोबर आहे, पण एका डिटेक्टरचा किरकोळ फॉल्ट आला तरी चारही मजल्यांची दारं धाडकन लागतील. आठवड्यात कोणीतरी दाराखाली लाकडाचा तुकडा सरकवेल, आणि तो तुकडा कुठल्याच रिलेचं ऐकत नाही. पॅनेलमध्ये प्रोग्रॅम होणारा रिले असेल तर तोच उलटा ठेवा: नेहमी ऊर्जित, अलार्मला पडणारा. नसेल, तर मात्र सर्किटवेड्यांचं ऐका.

आणि रिले अलार्मशी जोडा, भोंग्याशी नको. भोंगे गप्प करणारं सायलेन्स बटण दाबल्यावर चुंबक पुन्हा जिवंत झालेले मी पाहिलेत. रिसेट होईपर्यंत ते मेलेलेच राहायला हवेत.

सर्किटवेडा
मान्य. प्रत्येक होल्डरवर उलटा डायोडही (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा) टाका, १एन४००७ चालेल, पट्टीची बाजू प्लसकडे. वीज तुटताना चुंबकाची कॉइल जो झटका मारते त्याने रिलेचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात, आणि चिकटलेला एनसी म्हणजे कधीच न सुटणारं दार. होल्डरमध्ये आधीपासून संरक्षण असेल तर नको.

चिकटणाऱ्या पाखासाठी सोपी परीक्षा: त्या होल्डरची एक वायर चक्क सोडवा. तरीही पाख हललं नाही, तर दोष विजेचा नाही.

देखभालवाला
आधी परीक्षेचा निकाल. वायर सोडवली, पाख तसंच! पाखावरची, चुंबकाला चिकटणारी लोखंडी थाळी फडकं घेऊन पुसली तर फडक्याला ऑइल पेंट. रंगाऱ्याने दाराबरोबर थाळीही रंगवून टाकली होती. खरवडल्यावर चुंबक सुटू लागला, पण पाख अर्ध्यातच थांबायचं, म्हणून क्लोजरचा स्क्रूही थोडा पिळला. आता लॅचपर्यंत जातं.

पॅनेलमध्ये प्रोग्रॅम होणारा एक रिले मोकळा निघाला. पॅनेलच्या सर्व्हिसवाल्याला बोलावून त्याच्याकडूनच तो उलटा लावून घेतला, कारण पासवर्ड त्याच्याकडे. नवा सप्लाय बसला, डायोड टाकले, ऑक्सवर आता काही नाही. मग मेन्स पाडून बघितली: आठही पाखं सुटली, बॅटरीवर १२५ मिलिअँपिअर. पुढे पॅनेलची मेन्स आणि बॅटरी दोन्ही काढली, होल्डरचा सप्लाय चालू ठेवला. तरी आठही मिटली.

अलार्म देऊन सायलेन्स केलं, एकही परत धरलं नाही. तिसऱ्या मजल्यावर मात्र डावं पाख आधी लागतं आणि उजवं त्याच्या पट्टीवर अडतं. तिथला कोऑर्डिनेटर (दोन पाखं ठरल्या क्रमाने लावणारा भाग) कुणीतरी काढून ठेवलाय, तो शोधतोय.